न दुखणारी जखम का भरत नाही?

चालताना वहाणेत बारीकसा खडा शिरला तर तुम्ही काय करता? जेमतेम दोन पावले टाकता, तिसऱ्या पावलाला थबकता, एका पायावर उभे राहून वहाण झटकता आणि पुढे चालू लागता. घरी पोचेपर्यंत तुम्ही तो खडा विसरूनही गेलेले असता. आता अशी कल्पना करा, की खडा वहाणेत आहे, पण तो तुम्हांला जाणवतच नाही. तुम्ही दिवसभर हिंडता, बाजारातून भाजी आणता, आणि संध्याकाळी पाय धुताना पाहता तो काय, मोरीतले पाणी लाल झालेले! तळपायाला जखम आहे आणि ती कधी झाली याचा तुम्हांला पत्ताच नाही.

पुष्कळ वर्षे मधुमेह असलेल्या अनेक माणसांच्या बाबतीत हे खरोखरच घडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा तुमच्या आजोबांना, आत्याला किंवा शेजारच्या काकूंना तो असण्याचा संभव बराच आहे. ‘मधुमेह्याची जखम लवकर भरत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलेले असेल. का भरत नाही, असे विचारले तर ‘रक्तात साखर फार असते म्हणून’ असे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. उत्तराचा दुसरा भाग आहे मज्जातंतूंचा, आणि त्यातला बराचसा मजकूर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘दाब’ या प्रकरणात आधीच छापलेला आहे. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, वैद्यकात उपराच. पण या प्रश्नात शिरायला मला हेच दार सोयीचे वाटते.

दहा किलोमीटरचा दोर

तळपायाला काही टोचले की त्याची वर्दी मेंदूकडे नेणारे तंतू पाठीच्या कण्यापासून निघून थेट पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. यांतला एकेक तंतू म्हणजे एकाच पेशीचा लांबवलेला भाग. त्याची लांबी सुमारे एक मीटर आणि बारीक तंतूची जाडी एका मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणायचे असेल तर तो तंतू विहिरीच्या दोराएवढा, एक सेंटिमीटर जाडीचा झाला आहे असे समजा. मग त्याची लांबी किती होईल? गणित सोपे आहे: दहा किलोमीटर!

या दहा किलोमीटरच्या दोराचे पोषण कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. तंतूला लागणारी प्रथिने पेशीच्या मुख्य भागात, म्हणजे कण्याजवळ, तयार होतात आणि तंतूच्या आतून टोकाकडे वाहून नेली जातात. काही माल झपाट्याने, दिवसाला काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर या वेगाने जातो. पण तंतूचा सांगाडा ज्यांचा बनतो ती प्रथिने दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकतात. म्हणजे कमरेतून निघालेला माल पायाच्या अंगठ्याशी पोचायला दीड-दोन वर्षे! एवढ्या लांबच्या गावाला रसद पुरवायची तर वाटेत कोठेही थोडी अडचण आली तरी पहिला फटका शेवटच्या गावाला बसणार.

मधुमेहात ही अडचण येते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतूंच्या आतल्या रासायनिक क्रिया बिघडतात. जास्तीच्या ग्लुकोजचे सॉर्बिटॉल बनून ते साठते, प्रथिनांना साखर चिकटून ती निकामी होतात, आणि तंतूंना रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. परिणाम असा, की सर्वांत लांब तंतू आधी मरू लागतात. म्हणून बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो. पायांत गुडघ्याच्या खालपर्यंत तो आला, की तोवर हातांच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात. डॉक्टर याला मोजे-हातमोजे पद्धतीचा बधिरपणा म्हणतात; नाव ऐकूनच तो कोठे कोठे असतो ते कळते.

सुरुवातीला पुष्कळांना पायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही. पुढे कधीतरी ही आग थांबते. ‘आता बरे वाटते’ असे रोगी म्हणतो, आणि नेमके येथेच तो फसतो. काही वेळा आग थांबलेली असते ती आग लागल्याची बातमी देणारी तारच तुटल्यामुळे!

ही तार किती वेगाने चालते हे तुम्ही अनेकदा अनुभवले आहे. उंबऱ्याला अंगठा ठेचला की पहिली चमक तत्काळ जाणवते आणि खरी ठणक मागाहून, सुमारे एका सेकंदाने, येते. चमक नेणाऱ्या तंतूंतून संदेश सेकंदाला दहा-वीस मीटर धावतो. ठणक नेणाऱ्या अतिबारीक तंतूंतून मात्र सेकंदाला साधारण एकच मीटर. ठेचकाळल्यावर ‘आता कळ येणार’ असे आपल्याला आधी कळते, ते यामुळे.

ओले पाऊल आणि आलेखाचा कागद

आता दाबाकडे वळू. आलेखाचे मोठे कागद जमिनीवर पसरा, तळपाय ओले करून त्यांवर सरळ उभे राहा आणि बाजूला व्हा. उमटलेल्या ओल्या ठशांची कड पेन्सिलीने काढून आतील चौकटी मोजा. मोठ्या माणसाच्या दोन्ही पावलांचा मिळून जमिनीला टेकणारा भाग साधारण 200 चौरस सेंटिमीटर भरतो. माणसाचे वस्तुमान 60 किलोग्रॅम धरले तर त्याचे वजन सुमारे 600 न्यूटन. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. म्हणून तळपायावरचा सरासरी दाब 30,000 पास्कल, म्हणजेच 30 किलोपास्कल आला.

हा दाब मोठा की लहान? केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब सुमारे 4 किलोपास्कल असतो. उभे राहिल्यावर हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्तस्तंभाचा आणखी 12 किलोपास्कल दाब त्यात मिळवला (सव्वा मीटर उंची धरून तुम्हीच करून पाहा) तरी बेरीज 16 च्या आसपासच राहते. म्हणजे नुसते उभे राहिले तरी तळपायाच्या दबलेल्या भागातून रक्त पिळून निघते. बोटाचे नख दाबले असता ते पांढरे पडते, तसेच. मग आपले तळपाय शाबूत राहतात कसे? याचे कारण आपण कधीच स्थिर उभे राहत नाही. प्रार्थनेच्या रांगेत नीट पाहा. प्रत्येकजण दर थोड्या वेळाने भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत असतो. हे कोणी शिकवलेले नसते. दाबलेल्या मांसातून बारीक कुरकुर वर जाते आणि आपण नकळत पाय बदलतो.

चालताना तर सगळे वजन एका पायावर येते, आणि पाऊल उचलताना ते चवड्यावर एकवटते. चवड्याखाली बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची पाच टोके असतात. समजा, 600 न्यूटनपैकी चौथा हिस्सा, म्हणजे 150 न्यूटन, एकाच टोकाखालच्या 3 चौरस सेंटिमीटर भागावर आला. दाब झाला 500 किलोपास्कल! मघाच्या सरासरीच्या सोळा-सतरा पट. दिवसाला सहा हजार पावले टाकली तर प्रत्येक चवड्यावर हा आघात तीन हजार वेळा होतो.

निरोगी पायात याची काळजी दोन प्रकारांनी घेतली जाते. एक म्हणजे पायाचे लहान स्नायू बोटांना सरळ धरतात आणि भार बोटांवरही वाटला जातो. दुसरे म्हणजे चवडा दुखू लागला की आपण चाल बदलतो; थोडे कडेवर चालतो, थोडे टाचेवर, किंवा सरळ बसकण मारतो. मधुमेहाने मज्जातंतू बिघडले की या दोन्ही गोष्टी जातात. स्नायू दुबळे होऊन बोटे पक्ष्याच्या नखांसारखी वळतात, चवड्याची हाडे खाली उतरतात, आणि दाबाच्या सूत्रातले क्षेत्रफळ कमी होते. त्वचा स्वसंरक्षणासाठी तेथे घट्टा चढवते. पण कठीण घट्टा म्हणजे वहाणेत कायमचा शिवलेला खडाच! दाब आणखी वाढतो आणि घट्ट्याच्या खाली, वरून न दिसणारी, जखम होते.

शिवाय घाम आणणारे तंतूही निकामी झालेले असतात. घाम नाही, म्हणून कातडी कोरडी. कोरडी, म्हणून टाचेला भेगा. आणि भेग म्हणजे जंतूंना उघडे दार.

पहारेकरी आणि गवंडी

येथपर्यंतची गोष्ट जखम होण्याची झाली. ती भरत का नाही?

जखम भरण्याचे काम ठरलेल्या क्रमाने चालते. आधी रक्त गोठून भोक बुजते. मग आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल व गरम होते आणि पांढऱ्या पेशी येऊन जंतू व मेलेले मांस साफ करतात. नंतर लालसर नवे मांस भरते, त्यात नव्या केशवाहिन्या फुटतात, आणि शेवटी कडेची कातडी आत सरकत येऊन जखम झाकते. या कामात मज्जातंतूंचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. बरेच दिवस अनेकांना असेच वाटत असे.

एक छोटा प्रयोग करा. मोजपट्टीची बोथट कड हाताच्या आतल्या बाजूवर जरा जोराने ओढा. कातडी खरचटू मात्र देऊ नका. काही सेकंदांत पट्टीच्या वाटेवर लाल रेघ उमटेल. थोड्याच वेळात रेघेच्या दोन्ही बाजूंना, जेथे पट्टी लागलेलीच नव्हती तेथेही, लाली पसरेल. जोर बराच लावला असेल तर रेघेवर किंचित फुगवटाही येईल. (सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, चांगल्या उजेडात पाहा.) इंग्लंडमधील हृदयरोगतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी 1927 साली या तिहेरी प्रतिसादाचे सविस्तर वर्णन केले. यांतील बाजूला पसरणारी लाली हे मज्जातंतूंचे काम आहे. तंतू तुटून मेला असेल तर ती लाली येत नाही!

होते असे. वेदना वाहून नेणारा बारीक तंतू टोकाशी झाडासारखा फांदलेला असतो. एका फांदीला इजा झाली की संदेश मेंदूकडे तर जातोच, पण वाटेत तो दुसऱ्या फांद्यांतून उलटाही फिरतो, आणि त्या फांद्या आपल्या टोकांतून काही रसायने बाहेर सोडतात. यांपैकी एकाचा शोध उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी 1931 साली लावला. त्याला ‘सबस्टन्स पी’ असे नाव पडले आणि तेच चालू राहिले. ही रसायने रक्तवाहिन्या रुंद करतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात, आणि नव्या केशवाहिन्या व कातडीच्या पेशी यांच्या वाढीला चालना देतात. थोडक्यात, ज्याला आपण नुसता पहारेकरी समजत होतो तो हाताशी थापी घेऊन गवंडीकामही करत असतो.

याचा पडताळा प्रयोगशाळेत घेण्यात आला आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसीनमुळे येतो ते द्रव्य मोठ्या मात्रेत दिले असता हे बारीक तंतू निकामी होतात. अशा उंदरांच्या जखमा भरायला इतर उंदरांपेक्षा अधिक वेळ लागतो. मधुमेहाने तंतू बिघडलेल्या माणसांच्या पायांवर वर सांगितलेली लालीही मंद पडलेली आढळते.

अर्थात सगळा दोष मज्जातंतूंवर टाकणे बरोबर होणार नाही. मधुमेहात पायाच्या मोठ्या धमन्याही अरुंद होतात, पांढऱ्या पेशी मंद होतात, जंतुसंसर्ग लवकर फैलावतो. ज्या पायात रक्तच पोचत नाही तेथे नुसते दाबाचे गणित मांडून काही होत नाही. आधी रक्ताची वाट मोकळी करावी लागते. पण रक्त बऱ्यापैकी पोचत असतानाही महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा असतात, आणि त्यांच्यापुरते उत्तर फार साधे आहे. त्या जखमेवर माणूस चालत असतो. नव्या मांसाचा कोवळा थर रात्रीत तयार होतो आणि सकाळच्या पहिल्या शंभर पावलांत चिरडला जातो. तुमच्या-माझ्या पायाला अशी जखम झाली तर आपण लंगडू. लंगडणे ही आपल्याला गैरसोय वाटते, पण जखमेच्या दृष्टीने तेच औषध असते.

वेल्लोर ते कार्व्हिल

गंमत अशी, की हे उत्तर मधुमेहाचा अभ्यास करताना मिळाले नाही. ते कुष्ठरोग्यांकडून मिळाले, आणि तेही आपल्या देशात.

पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यवैद्य. त्यांचा जन्म 1914 साली तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत झाला. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले आणि तेथे कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. त्या काळी सर्वांची, डॉक्टरांचीसुद्धा, अशी समजूत होती, की कुष्ठरोगात मांस आपोआप कुजून गळते. ब्रँड यांना ते पटेना. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत आहे. एका खोलीचे गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. शेजारी उभ्या असलेल्या एका लहान रोगी मुलाने किल्ली सहज फिरवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला तर किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि मुलाला त्याची जाणीवही नव्हती! काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होत, त्याचा पाठपुरावा केला तेव्हा आढळले, की झोपेत उंदीर ती कुरतडत होते. यावर उपाय म्हणून रोग्यांना मांजरे देण्यात आली.

ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळूहळू सिद्ध केले, की कुष्ठरोग्याचे मांस इतरांच्या मांसासारखेच भरून येते. फक्त त्याला विश्रांती मिळायला हवी. मग वेल्लोरला पायताणांवर काम सुरू झाले. बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेल्या चपला बनवण्यात आल्या. तो तळ दाबला जाऊन पावलाच्या आकाराचा होतो, म्हणजे सूत्रातले क्षेत्रफळ वाढते. अशा काळ्या चपला आजही आपल्याकडे कुष्ठरोग्यांना आणि मधुमेह्यांना देतात.

1966 साली ब्रँड अमेरिकेतील लुईझियाना राज्यात कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांच्या लक्षात आले, की मधुमेह्यांच्या बधिर पायांवर तशाच जागी तशाच जखमा आहेत. रोग वेगळा, पण तंतू मेले की पुढचे यंत्रशास्त्र तेच! त्यांच्या चमूने एक सुरेख मोजा तयार केला. त्याच्या कापडात रंगाच्या सूक्ष्म कुप्या असत. मोजा घालून रोगी चालला, की ज्या ठिकाणी दाब फार तेथल्या कुप्या फुटून रंग पसरे. जखम होण्याआधीच तिची जागा कापडावर छापून मिळे. आज हेच काम बुटात ठेवायच्या विजेच्या दाबमापकांनी होते. पण तो रंगीत मोजा मला अधिक आवडतो.

याच्या पुढचा बेत मात्र फसला, आणि माझ्या मते साऱ्या कथेत तोच सर्वांत बोधक आहे. ब्रँड आणि काही अभियंते यांनी ठरवले, की वेदना गेली तर आपण कृत्रिम वेदना बनवू. हातमोजांत आणि बुटांत दाबाचे संवेदक बसवले. दाब मर्यादेबाहेर गेला की रोग्याच्या कानाशी सूचनेचा आवाज होई. यंत्र नाजूक होते, बिघडे, पण खरी अडचण ती नव्हती. आवाज ऐकूनही रोगी हातातले काम सोडत नसत. मग आवाजाऐवजी विजेचा झटका देऊन पाहिला. तेव्हा मन लावून एखादे काम करायचे असले, की रोगी यंत्र बंद करत, काम उरकत आणि यंत्र पुन्हा चालू करत! काही वर्षांच्या खटपटीनंतर हा प्रयत्न सोडून देण्यात आला. माहिती पोचवणे अभियंत्याला साधते. पण खऱ्या वेदनेला बंद करायचा खटका नसतो, आणि तिचा उपयोग होतो तो त्यामुळेच.

न काढता येणारा बूट

आता उपचाराकडे पाहू, म्हणजे हे अधिक पटेल. अशा जखमेवरचा जुना आणि आजही नावाजलेला उपाय म्हणजे पायाला अगदी चपखल बसणारे प्लास्टर. भारतात आणि श्रीलंकेत 1930 च्या दशकापासून कुष्ठरोग्यांसाठी ते वापरात होते. ब्रँड यांनी ते पुढे मधुमेह्यांकडे नेले. पावलापासून गुडघ्याच्या खालपर्यंतचे हे प्लास्टर भार पूर्ण तळव्यावर आणि काहीसा पोटरीवरही वाटते. रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग आटोक्यात असेल, तर महिनोन्महिने रेंगाळलेल्या पुष्कळ जखमा यात सहा-सात आठवड्यांत भरतात. ते घालण्याचे काम मात्र जाणकाराचेच; चुकीचे प्लास्टर नवी जखम करते.

पण काढता येणारा, तसाच भार वाटणारा बूट का नको? धुवायला, झोपायला सोयीचा! अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असा बूट दिलेल्या रोग्यांच्या कमरेला आणि बुटालाही हालचाल मोजणारी यंत्रे लावली होती. दिवसातल्या एकूण हालचालीपैकी जेमतेम 28 टक्के हालचालीच्या वेळी बूट पायात होता! घरातल्या घरात, मोरीपर्यंत, दारापर्यंत जाताना कोण बूट चढवणार? आपल्याकडे तर घरात अनवाणी फिरण्याचीच रीत आहे. दुखत असते तर त्यांनी तो घातला असता. तेव्हा प्लास्टरचा मोठा गुण म्हणजे ते काढता येत नाही, हा!

डॉक्टरांच्या खिशातले पदार्थविज्ञान

पाय बधिर झाला आहे हे रोग्याला कळत नसेल, तर ते शोधायचे कसे? यासाठीची दोन साधने पाहून तुम्हांला आपल्या प्रयोगशाळेची आठवण होईल. एक आहे नादकाटा, सेकंदाला 128 कंपने करणारा. तो वाजवून त्याची दांडी अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि थरथर जाणवते का, हे विचारतात.

दुसरे साधन त्याहून साधे, नायलॉनचा एक तंतू. जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी 1890 च्या दशकात स्पर्श मोजण्यासाठी केस वापरले होते. 1960 च्या सुमारास अमेरिकेत सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी त्यांच्या जागी नायलॉन आणले. तंतू कातडीवर सरळ उभा टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा, एवढेच. कोणत्याही उभ्या बारीक काठीला विशिष्ट मर्यादेपर्यंत भार सोसतो, पुढे ती एकदम वाकते. हा नियम लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला. वाकल्यानंतर तुम्ही आणखी जोर लावला तरी टोकाशी पोचणारे बल जवळजवळ वाढत नाही. म्हणून तपासणारा पहिलवान असो की किरकोळ, तंतू नेहमी 10 ग्रॅम वजनाइतकेच, म्हणजे सुमारे 0.1 न्यूटन, बल देतो. एवढा स्पर्श ज्याला तळपायावर कळत नाही त्याच्या पायाला जखमेचा धोका आहे, असे धरतात. पन्नास हजारांच्या यंत्राने साधणार नाही ते काम नायलॉनचा तुकडा करतो!

उष्णतेचाही उपयोग होतो. जखम होण्याआधी काही दिवस दबलेली जागा आतून सुजते आणि गरम होते. दोन्ही पायांच्या तशाच जागांचे तापमान रोज मोजले आणि फरक 2.2 अंश सेल्सियसपेक्षा अधिक राहिला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे, असे सांगतात.

आणि मुळात तंतू मरूच नयेत म्हणून? साखर काबूत ठेवणे. अमेरिका व कॅनडातील 1441 रोग्यांवर झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इन्शुलिन घ्यावे लागणाऱ्या तरुण मधुमेह्यांनी साखर काटेकोर ठेवली तेव्हा मज्जातंतूंच्या बिघाडाचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी घटले. उतारवयातल्या मधुमेहात फायदा इतका ठळक दिसत नाही, पण प्रयत्न तोच असतो.

घरात मधुमेही वडीलधारे असतील तर तुम्ही स्वतः काय करू शकता? त्यांना तळपाय दिसत नाहीत. वय झाल्यावर वाकवत नाही आणि नजरही अधू होते. रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहायचे काम तुम्ही घ्या. वहाणा घालण्याआधी आत हात घालून पाहा. आंघोळीचे पाणी त्यांच्या पायांनी नव्हे, तुमच्या कोपराने पारखा. भर उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या आजीशी थोडा वाद घालावा लागला तरी घाला. कुरूप किंवा घट्टा पात्याने कापू मात्र देऊ नका. ते काम डॉक्टरांचे.

महिन्यातून एकदा ही चाचणी घ्या. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी 2011 साली ती प्रसिद्ध केली आणि तिला कसलेच साधन लागत नाही. आजोबांना निजवून डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीचे टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकांना एकेक करून अगदी हलके, पिसासारखे, एक-दोन सेकंद टेकवा. दाबू नका, गुदगुल्या करू नका, आणि एकाच बोटाला दुसऱ्यांदा लावू नका. स्पर्श कळला की त्यांनी ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असे म्हणायचे. दोन्ही पाय मिळून सहा स्पर्श होतात. त्यांपैकी दोन किंवा अधिक त्यांना कळले नाहीत, तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात ती वही घेऊन आजोबांबरोबर डॉक्टरांकडे जा.